कंपनीला कळवायचा बदल

३ जून १९८६, मंगळवार

गाडीचा मीटर आज ४१,२१६. ही जुनी फियाट घेतल्याला तीन वर्षं झाली आणि तेवढ्यात मी ती साडेचार हजार किलोमीटरसुद्धा चालवलेली नाही. पालघरचं घर ते जवळच्या माहीम गावातली आमची वाडी, वाडी ते घर, आठवड्यातून दोनदा. विम्याचा फॉर्म भरताना तसंच कळवलं होतं. फॉर्मवर त्याचा रकाना नव्हता. खाली मोकळी जागा होती, तिथे मी आपणहून लिहिलं, 'वर्षाकाठी अंदाजे दीड हजार किलोमीटर.' चौतीस वर्षं जमीन मोजणी खात्यात काढल्यावर आकडा लिहिल्याशिवाय सही करवत नाही.

आता तो आकडा खोटा ठरणार आहे.

मासवणच्या उपकेंद्रातली नर्स दमयंती परवा घरी आली होती. तिशीची असेल, फार बोलत नाही. तिच्याकडे पाड्यांवरच्या गरोदर बाया नाव नोंदवतात, पण तपासणीला पालघरच्या दवाखान्यात येत नाहीत. रस्त्यापर्यंत चार-पाच किलोमीटर चालायचं, एसटी भरून आली की थांबत नाही, दुपारी परत जायला काही नाही. मंगळवार-शुक्रवार गाडी मिळाली तर, असं म्हणाली आणि चहाच्या कपाकडे बघत बसली. मी हो म्हटलं. शालू स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिला ते आवडलेलं दिसलं नाही. बायकांना गाडीच्या सीटची काळजी असते.

बायांना आणायचं आणि पोचवायचं म्हणजे दिवसाला साठ किलोमीटर धरले, तर वर्षाला सहा हजारांची भर पडते. दीड हजाराचे साडेसात हजार. कंपनीला कळवलं पाहिजे.

१२ जून, गुरुवार

बोईसरच्या विमा ऑफिसला जाऊन आलो. शालूही आली. ब्लाउजपीस घ्यायचे आहेत म्हणाली, घेतला मात्र एकही नाही. तारापूरच्या कारखान्यांचे टँकर रस्ता अडवून चालतात. शालूने वाटेत तीनदा माझ्या हाताला हात लावला, तेव्हा मी तिला सांगितलं की चालवणाऱ्याला असं दचकवू नये.

ऑफिसात नागोराव नावाचे गृहस्थ भेटले, मराठवाड्याकडचे, चाळिशीचे. मी माझं पत्र पुढे ठेवलं. त्यांनी ते पूर्ण वाचलं, हल्ली कोणी वाचत नाही.

"किलोमीटरनं आमचं काही अडत नाही, सावेसाहेब," ते म्हणाले. "गाडी भाड्यानं लावता का आणि चालवतं कोण, एवढं सांगा."

भाडं घेणार नाही, चालवणार मीच, असं मी सांगितलं. मग विचारलं, बायांनी दुधी किंवा शेवग्याच्या शेंगा आणून दिल्या तर ते भाडं धरायचं का. ते हसले नाहीत, याबद्दल मला त्यांच्याविषयी आदर वाटला. शेंगा खा, पैसे घेऊ नका, म्हणाले.

वापरात बदल झाल्याचा अर्ज तिथेच भरला. त्यात एक प्रश्न, 'चालकास दृष्टीचा अथवा शरीराचा काही दोष आहे काय?' मी 'नाही' लिहिलं. चष्मा लावून मला वर्तमानपत्रातल्या कोर्टाच्या नोटिसा वाचता येतात. नागोरावांच्या मागच्या कॅलेंडरवरचं छापखान्याचं नाव मी बसल्या जागेवरून वाचून दाखवलं. निघताना दाराच्या चौकटीवर खांदा आपटला. या नव्या इमारतींचे दरवाजे फार अरुंद करतात.

१७ जून, मंगळवार

पहिली फेरी. दमयंतीने चार बाया आणल्या होत्या. त्यातली नवसी, वीस-एकवीस वर्षांची, चौथा महिना. पहिलं मूल घरीच झालं आणि दोन दिवसांत गेलं, असं दमयंतीने हळू आवाजात सांगितलं. नवसी सीटच्या अगदी कडेला बसली, पाठ न टेकता. तिचा सासरा सुका तिला रस्त्यापर्यंत सोडायला आला होता. माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठा असेल. त्याने गाडीभोवती एक फेरी मारली, टपावर हात ठेवला आणि मला म्हणाला, "भाऊ, सावकाश न्या." तेवढंच.

दीडपर्यंत सगळ्यांना परत पोचवलं. ५८ किलोमीटर. अंदाज बरोबर होता.

४ जुलै, शुक्रवार

शालूने आता प्रत्येक फेरीला गाडीत बसायचं ठरवलेलं दिसतं. घरी एकटीला करमत नाही म्हणते. सदतीस वर्षांच्या संसारात ती कधी एवढी बोलली नाही. पुढे म्हैस आहे. डावीकडून सायकल येतेय. ती बाई लाकडं घेऊन चाललीय बघा. मला दिसतंय, असं मी एकदा जरा जोरात म्हणालो, तर गप्प झाली आणि पुढच्या वळणावर पुन्हा सुरू. मागे बसलेल्या बायांना गंमत वाटते.

फाटकाच्या डाव्या खांबाला गाडी घासली. खांब थोडा आत कललेला असावा. रविवारी ओळंबा लावून बघतो.

६ जुलै, रविवार

खांब सरळ आहे.

२५ जुलै, शुक्रवार

एक गोष्ट कधीतरी लिहायलाच हवी.

मागच्या वर्षी मे महिन्यात मनोरला लग्नाला चाललो होतो. शालू माहेरच्या माणसांबरोबर पुढे गेली होती, मी गाडीत एकटा होतो. वाघोबाची खिंड उतरल्यावर चार माणसं बांबूला झोळी बांधून पालघरकडे चालली होती. झोळीतून एका बाईचा हात खाली लोंबत होता. त्यांतल्या एकाने मला हात केला. मी ते पाहिलं. कपड्यांना इस्त्री होती, सीटवर नवी कव्हरं होती, आणि कोणीतरी थांबेल असं मनात आलं. मी थांबलो नाही. पुढच्या आठवड्यात कळलं की ती बाई वाटेतच गेली. कोण होती, कुठल्या पाड्यावरची, हे विचारायचं मला धाडस झालं नाही.

शालूला हे माहीत नाही. दमयंतीला वाटतं की मी दयाळू माणूस आहे. आज त्याच जागेवरून जाताना नवसी मागे बसून दुसऱ्या बाईला काहीतरी सांगून हसत होती, आणि मला वाटलं, ही गाडी माझ्या हातून कधी सुटता कामा नये.

८ ऑगस्ट, शुक्रवार

टपाल कचेरीतले जुने ओळखीचे म्हणाले, सावे, हल्ली तुम्ही ओळख देत नाही. शेजारून दोनदा हाक मारली म्हणे. मी विचारात असेन.

२९ ऑगस्ट, शुक्रवार

आज बायडी नावाच्या बाईचा रक्तदाब इतका वाढलेला निघाला की डॉक्टरांनी तिला घरी सोडलंच नाही. अजून एक दिवस गेला असता तर दोघंही हाती लागली नसती, असं ते दमयंतीला म्हणाले. दमयंतीने बाहेर येऊन मला ते जसंच्या तसं सांगितलं, आणि ती लगेच परत आत गेली.

मीटर ४२,५५०. या आकड्याबद्दल मला आज प्रथमच अभिमान वाटला.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

शालूची बहीण आजारी म्हणून ती सकाळीच माहीमला गेली. मी एकटाच फेरीला गेलो.

परतताना साडेबारा वाजले होते. गाडीत दमयंती, नवसी आणि आणखी एक बाई होती. ऊन होतं. रस्ता सरळ, समोर वाहन नाही. माझं लक्ष रस्त्यावरच होतं, हे मी शपथेवर सांगतो. डाव्या बाजूला धाडकन आवाज झाला आणि काचेवर सगळीकडे गवत आलं. मला आधी वाटलं फांदी पडली.

मागून नवसी म्हणाली, "माझा सासरा हाय तो."

सुका डोक्यावर गवताचा भारा घेऊन तिला न्यायला रस्त्यावर येत होता. खाली पडला होता आणि उजवा पाय भलत्याच बाजूला वळला होता. ओरडत नव्हता. आम्ही त्याला मागच्या सीटवर आडवं केलं, त्याचं डोकं नवसीच्या मांडीवर, पाय दुसरीच्या. गाडी मीच चालवत परत पालघरला आणली. दुसरं कोण होतं? दमयंती शेजारी बसून रस्ता सांगत होती, शालू सांगते तसाच. तिला तसं सांगावंसं का वाटलं असेल?

मांडीचं हाड मोडलं आहे. हवालदार दवाखान्यातच जबाब घ्यायला आला. सुका म्हणाला, मीच आडवा आलो. दोन्ही बाया म्हणाल्या, म्हातारा अचानक आडवा आला. दमयंतीला विचारलं तर म्हणाली, माझं लक्ष नव्हतं. मग हवालदाराने मला विचारलं आणि माझ्या उत्तराची वाट न बघता लिहिलं.

मी सही केली.

२१ सप्टेंबर, रविवार

एसटीने मासवणला गेलो. बरोबर टेप नेली होती. चाकाच्या खुणा अजून दिसत होत्या. डावी चाकं डांबर सोडून साइडपट्टीवर उतरली होती, अकरा फूट लांब. गवत जिथे विखुरलं होतं ती जागा डांबराच्या कडेपासून साडेचार फूट बाहेर. मी तीनदा मोजलं.

सुका रस्त्यावर आलाच नव्हता. मी त्याच्याकडे गेलो होतो.

२४ सप्टेंबर, बुधवार

या वहीत १३ ऑगस्टची नोंद नाही. ती आज करतो.

त्या दिवशी मी पालघरला चष्मेवाल्याकडे नंबर तपासायला गेलो होतो. शालूला भाजी आणायला जातो असं सांगितलं. त्याने नंबर तपासला, मग माझ्या कानाजवळ बोट धरून हळूहळू पुढे आणलं आणि कधी दिसतं ते सांगा म्हणाला. दोन्ही बाजूंनी तीन-तीनदा केलं. मग म्हणाला, काका, मोठ्या डॉक्टरांना लगेच दाखवा आणि तोवर गाडी चालवू नका. मी त्याला बरं म्हटलं. बाहेर आलो, भाजी घेतली, घरी आलो आणि त्या रात्री ही वही उघडली नाही. पंधरा तारखेला सुट्टी होती, एकोणीसला मंगळवार आला. मी फेरी केली.

आज मुंबईच्या डॉक्टरांनी पाहिलं. काचबिंदू आहे, दोन्ही डोळ्यांत, बऱ्याच दिवसांचा. समोरचं शाबूत आहे म्हणून माणसाला कळत नाही. बाजूचं जवळजवळ गेलेलं आहे आणि गेलेलं परत येत नाही. थेंब घालून उरलेलं टिकवायचं. गाडी कायमची बंद.

घरी येऊन मी खुर्चीत बसलो. मग शालूने पाण्याचा तांब्या माझ्यासमोर, अगदी सरळ समोर ठेवला आणि म्हणाली, "मला मे महिन्यापासून शंका होती. बोलले असते तर तुम्ही चिडून एकटेच गेला असता. म्हणून मी शेजारी बसत होते. मला वाटलं, तेवढं पुरेल."

थोड्या वेळाने म्हणाली, "त्या दिवशी मी माहीमला जायला नको होतं."

तिची काही चूक नाही, एवढंही मला तिला सांगता आलं नाही. ती उठून आत गेल्यावर सुचलं.

२७ सप्टेंबर, शनिवार

दवाखान्यात सुकाकडे गेलो. त्याच्या पायाला वजन लटकवलं आहे. नवसी खाली जमिनीवर बसली होती. मी त्याला सांगितलं की मी जागा मोजून आलोय, तू आडवा आला नव्हतास, आणि मी हवालदाराला खरं सांगणार आहे.

सुका म्हणाला, "कशाला, भाऊ? झालं ते झालं. मी सांगितलंय ना, मीच आलो मधी."

"पण तू आला नव्हतास."

"नव्हतो." त्याने नवसीकडे पाहिलं. "पन तुमाला पोलिसानी धरलं तं गाडी बंद होल. हिचे दिवस भरायला दोनच महिने हायत. आमचा एक पोर गेला घरात. मना पायाचा काय करायचा हाय आता?"

 मी म्हटलं, "सुका, गाडी बंद होणार नाही. मी बंद होणार. मला बाजूचं दिसत नाही. त्या दिवशी तू होतास, उद्या दुसरं कोणी असेल."

तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला. मग त्याने पलंगाच्या कडेला ठेवलेल्या माझ्या हाताशेजारी आपला हात नेला, आणि मी खाली बघितलं नाही हे त्याने बघितलं.

"खरंच दिसत नाय," तो म्हणाला. मला नाही, नवसीला.

२९ सप्टेंबर, सोमवार

सकाळी चौकीत जाऊन नवा जबाब दिला. मोजमापाचा नकाशा काढून नेला होता, उत्तर दिशा दाखवून. हवालदाराने दोनदा विचारलं, कोणी दबाव आणला का. आणला नाही म्हटलं. खटला होणार.

दुपारी एसटीने बोईसर. नागोरावांना सगळं सांगितलं. अर्जातल्या प्रश्नापुढचं 'नाही' हे दुरुस्त करायचं आहे म्हटलं. त्यांनी कागद काढला आणि तारीख बघितली.

"जूनमध्ये तुम्हाला माहीत नव्हतं. मग ते खोटं नाही."

मी म्हटलं, "१३ ऑगस्टपासून माहीत होतं. तेव्हा कळवायला हवं होतं. किलोमीटर वाढले ते कळवायला मी धावत आलो, आणि हे कळवलं नाही."

ते बराच वेळ पेनचं टोपण लावत-काढत होते. मला भीती एकच होती, माझ्या कबुलीने सुकाचं नुकसान होऊ नये. तसं विचारलं.

"उलटं आहे, साहेब," ते म्हणाले. "चूक म्हातारबाची असती, तर कंपनी त्यांना कशाला काही देईल? तो पहिला जबाब राहिला असता तर त्यांच्या हाती काहीच आलं नसतं. चूक तुमची, म्हणून त्यांना मिळेल. तुमच्या गाडीच्या दुरुस्तीचं मात्र तुम्हीच बघायचं."

म्हणजे सुका मला वाचवायला काय देऊन बसला होता, हे त्याला ठाऊक नव्हतं. मलाही नव्हतं. मी जर गप्प बसलो असतो तर ते कधी कोणाला कळलंही नसतं.  नागोरावांनी पाणी मागवलं.

परतीच्या एसटीत बायांचा विचार करत होतो. मंगळवार उद्या आहे.

३० सप्टेंबर, मंगळवार

फेरी झाली नाही. दमयंती एसटीने दोघींना घेऊन आली, बाकीच्या आल्याच नाहीत.

संध्याकाळी ती घरी आली तेव्हा मी तिला गाडी शिकशील का असं विचारलं. ती म्हणाली, मला सायकलसुद्धा येत नाही. शालू म्हणाली, ते बरंच आहे, म्हणजे वाईट सवयी नसतील. या घरात कित्येक दिवसांनी कोणी हसलं. त्यानंतर मी दोघींना खाली बसवलं आणि मागच्या वर्षीची झोळीची गोष्ट सांगितली. हसणं संपलं. दमयंतीने त्या बाईचं नाव सांगितलं. तिला ते माहीत होतं. चिमी. बावीस वर्षांची होती.

मी ते इथे लिहून ठेवतो. चिमी.

१९ ऑक्टोबर, रविवार

दमयंतीला गाडी चालवायला तिच्या वरच्या डॉक्टरांची परवानगी मिळाली. बोईसरच्या ड्रायव्हिंग स्कूलचा माणूस रोज सकाळी तासभर तिला शिकवतो. चांगली चालवेल. घाबरते, पण घाबरून थांबते, आणि थांबल्यावर दोन्ही बाजूंना बघते. मी मागे बसतो आणि बोलत नाही. हे न बोलणं मला मोजणी शिकण्यापेक्षा अवघड जातंय.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

दमयंतीला लायसन्स मिळालं. कंपनीला पत्र पाठवलं, माझ्या आयुष्यातलं बहुधा सर्वांत लहान. 'वरील गाडी यापुढे मी चालवणार नाही. कारण दृष्टिदोष. चालक बदलाची नोंद व्हावी.' किलोमीटरचा आकडा घालावासा वाटला, घातला नाही.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

कोर्टात आज तारीख होती. साडेदहाला पुकारा झाला. मॅजिस्ट्रेटनी विचारलं, गुन्हा कबूल आहे का. मी आहे म्हटलं. वकील कुठे आहे असं विचारलं, तेव्हा लागत नाही म्हटलं. दंड आणि लायसन्स रद्द. लायसन्स मी खिशात घेऊनच गेलो होतो. कारकुनाने ते घेतलं आणि पोच दिली.

सकाळी उठलो तेव्हा शालू घरात नव्हती, थेट कोर्टात येईल असं वाटलं होतं, पण बाहेरही ती नव्हती. ती असायला हवी होती. बाकावर अर्धा तास बसलो. मग ती चालत आली, दमलेली, पदर खोचलेला. म्हणाली, सकाळी सातला पाड्यावरून निरोप आला, नवसीला कळा लागल्या. दमयंती गाडी घेऊन गेली. शालू बरोबर गेली होती. कोर्टाचं तुमच्या मनात होतं म्हणून उठवलं नाही, म्हणाली. दमयंतीने खिंडीत एकदाही गाडी बंद पाडली नाही. मुलगी झाली आहे, पावणेतीन किलो. दोघीही बऱ्या आहेत.

मी विचारलं, किती वाजता. साडेदहा, म्हणाली.

आम्ही दवाखान्यापर्यंत चालत गेलो. गाडी दाराशी उभी होती, थोडी वाकडी लावलेली. वॉर्डाबाहेर बाकावर सुका कुबड्या भिंतीला टेकवून बसला होता. त्याने सरकून मला जागा केली. बराच वेळ आम्ही दोघं आत येणाऱ्या-जाणाऱ्यांकडे बघत बसलो.

मग तो म्हणाला, "जा, बघून या. कोन विचारलं तं सांगा, घरचा हाय."